सोवळ्याची आक्का

शकूआक्का गेल्याची बातमी काशीबाईने आणली. मी सुरतेत, डिंडोलीत बालवाडी चालवते. दुपारची खिचडी वाढणं चाललं होतं आणि काशीबाई दारात येऊन उभी राहिली. एरवी ती आली की आधी दोन-चार पोरांच्या डोक्यावर टपल्या मारते, मग आत येते. त्या दिवशी चौकट धरून उभीच राहिली. म्हणाली, "सुनीता, आक्का गेली गं." माझ्या तोंडून निघालं, "ताप होता?" लोक अशा वेळी "कधी?" विचारतात, "कुठे?" विचारतात... आम्ही दोघींनी मात्र इतकी वर्षं त्या बाईच्या तापाचीच धास्ती घेतली होती. काशीबाईने मान हलवली. "काईच नव्हतं. ना ताप, ना खोकला. वट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली व्हती. भास्करभाऊ पाणी द्यायला गेले तर..." भास्करभाऊ म्हणजे आक्काचे यजमान. काशीबाई रडू लागली, मीही. आणि त्या रडण्यातही माझ्या मनाला कुठेतरी बरं वाटलं, हे लिहिताना जरा चमत्कारिक वाटतंय. आक्काला शेवटी कुणाचं काही लागलं नव्हतं. तिचं हृदय आपणहून थकलं होतं, आणि ते कधीतरी थकणार हे तिला लग्नाआधीपासून माहीत होतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी लग्न होऊन धुळ्याकडून सुरतेत आले. नवरा लूमवर, मी बारावी पास. पण त्या बारावीचं इथे करायचं काय, हे कुणालाच सुचत नव्हतं. शेजारणीने मला धागा-कटिंगच्या कारखान्यात नेलं. कारखाना कसला, पत्र्याखालची एक लांबलचक खोली. मागावरून उतरलेल्या साड्यांच्या उलट्या बाजूला रंगीत धागे सुटे लोंबत असतात, ते लहान कात्रीने कापून साडी साफ करायची, एवढंच काम. पंख्याने साड्या आणि धागे उडतात म्हणून पंखे बंद. बायका सतरंज्यांवर मांडीला मांडी लावून बसलेल्या, मधे साड्यांचे ढीग, हवेत धाग्यांचं तूस. पाण्याला एक माठ, माठावर एकच पेला. चहा आला की एकीने कपातून प्यायचा आणि दुसरीने बशीतून. कुणाला खोकला झाला तर तो आठवडाभर त्या खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचा. पण घरी राहिलं तर त्या दिवसाची मजुरी नाही, म्हणून अंगात ताप घेऊनही बायका येऊन बसायच्या. यात वावगं काही आहे असं कुणाला वाटत नव्हतं. मलाही नाही.

त्या खोलीत एकच बाई वेगळी बसायची, अगदी दाराशी, जिथे उन्हाची तिरीप यायची आणि बाहेरची धूळही. अंगाने किरकोळ, गालांवर मात्र कायम लाली. बायका म्हणायच्या, गालाला काहीतरी चोपडून येते. पाणी घरून आणायची, स्वतःच्या फुलपात्रातून प्यायची. चहाच्या वेळी हात जोडून नको म्हणायची. कुणी जवळ बसून शिंकलं की पदर नाकाला लावून काहीतरी निमित्त काढून उठायची. महिन्याकाठी एखाद्या दिवशी पोत्याची घडी घालून तिच्यावर एका कुशीला रेलून बसायची, ते का, हेही कुणाला कळायचं नाही. बायकांनी तिचं नावच ठेवलं होतं, सोवळ्याची आक्का. मी नवी, कुणाशी बोलू, कुठे बसू असं झालेलं. तिनेच मला हाक मारली, "कोन गावनी शे वं तू?" परमुलखात आपली अहिराणी कानावर पडली आणि माझे डोळे भरून आले. तिचं माहेर माझ्या माहेरापासून जेमतेम दोन गावं पलीकडे. मी तिच्याजवळ बसू लागले. बसू देण्याआधी तिने माझ्याकडे नीट पाहून विचारलं होतं, "तुन्हा घसा तं दुखत नही ना?" मला ती आपुलकी वाटली. तशी ती होतीही म्हणा.

काशीबाई नांदेडकडची. नवरा बांधकामावर. खणखणीत आवाजाची, हसरी, कात्री चालवण्यात सगळ्यांच्या पुढे. भोगीच्या दिवशी तिने तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी आणि मिसळीची भाजी आणली आणि जेवणाच्या सुट्टीत एकेकीच्या हातावर तुकडा ठेवत निघाली. तिचा घसा चार दिवस बसलेला होता, बोलताना खरखरत होता. आक्कासमोर आली तशी आक्काने हात मागे घेतला.

"घ्या की आक्का, सणाचं हाय."

"माले नको, काशी. पोट भरलं शे."

"घासभर तर घ्या."

"नको म्हनस ना मी..."

काशीबाईचा चेहरा उतरला. हातातला तुकडा तिने परत फडक्यात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कळलं. आमची जात ठावं हाय तुमाला, म्हून न्हाई घेत. पाणी येगळं, पेला येगळा, बसणं येगळं... इतके दिस म्या मनात बी आणलं नव्हतं." खोलीतल्या कात्र्या थांबल्या. आक्का एवढंच म्हणाली, "तसं नही शे वं, काशी." पण मग कसं आहे, ते तिला सांगता येईना. संध्याकाळपर्यंत ती मान वर न करता काम करत राहिली.

घरी जाताना रेल्वे फाटकापाशी ती थांबली आणि मला सगळं सांगितलं. लहानपणी तिला सांधे सुजून ताप आला होता. तो ताप गेला, पण जाताना हृदयाची एक झडप आवळून गेला. डॉक्टरांनी सांगितलेलं, घसा सांभाळ, प्रत्येक वेळी घसा बिघडून ताप आला की ती झडप आणखी खराब होणार. महिन्याकाठी पेनिसिलिनचं दुखरं इंजेक्शन, त्याच दिवशी ती पोत्यावर कलंडून बसायची. गालावरची लालीही त्या झडपेचीच. मूल होऊ द्यायचं नाही, जिवाला धोका आहे, हेही डॉक्टरांनी बजावलं होतं. "मग सांगत का नाहीस कुणाला?" मी विचारलं. तर म्हणाली, कारखान्यात कळलं तर आजारी बाई कोण ठेवील? आणि इथलं गावाकडे कळायला वेळ लागत नाही. सासूला नातू हवा होता, नाहीतर दुसरी बायको कर असा तिने मुलामागे धोशा लावला होता. भास्करभाऊंनी तिचं दुखणं आईला सांगितलंच नव्हतं. त्यांनी सांगून टाकलं होतं की दोष माझ्यात आहे, तिच्यात नाही. शकूआक्काचा नवरा लूमवर काम करणारा, फार न बोलणारा माणूस. पुरुषाने स्वतःच्या आईसमोर असलं खोटं बोलावं, हे मी तोपर्यंत ऐकलंही नव्हतं. आक्काने तोंड उघडलं असतं तर तेही उघडं पडणार होतं.

"पन काशीनं तोंड दखं का तू?" ती म्हणाली. "कसा उतरला तिचा चेहरा! तिला वाटलं मी तिच्या हाताला नाही म्हटलं. हे माझ्याने नाही सोसवणार, सुनी. जीव सांभाळायचा म्हणजे काय दुसरीच्या जिवाला असा डाग द्यायचा?"

दुसऱ्या दिवशी आक्का आपली जागा सोडून सगळ्या बायकांच्या मधून चालत काशीबाईपुढे जाऊन बसली. काशीबाईने तोंड फिरवलं. आक्काने तिचा हात धरला आणि स्वतःच्या छातीवर, डावीकडे खाली, पदराआडून दाबून धरला. "बघ," म्हणाली. काशीबाई आधी हात ओढू लागली, मग एकदम थबकली. तिने आक्काच्या तोंडाकडे पाहिलं. "आगं बया... मांजर बसलंय व्हय आत?" पुढे मीही तिथे हात लावून पाहिला आहे. खरोखरच मांडीवरचं मांजर गुरगुरावं तशी बारीक थरथर हाताला लागायची. आक्काने मग कुणापासून काही लपवलं नाही. झडप, इंजेक्शन, घसा, मूल, सगळं त्या खोलीत मोठ्याने सांगितलं. शेवटी म्हणाली, "काशी, तुझा घसा बरा झाला की भाकरी आण. सगळ्यांच्या देखत तुझ्या ताटातली खाईन." काशीबाई रडत होती आणि रडताना स्वतःचा पदर तोंडावर दाबून धरत होती, आपला श्वास आक्काला लागू नये म्हणून. आठवड्याभराने तिने भाकरी आणली. आक्का तिच्या ताटात जेवली, अगदी चवीने, शेवटचा तुकडा पुसून घेऊन.

याचे परिणाम व्हायचे ते झाले. देखरेखीला रमेशभाई होते, मूळचे काठियावाडचे. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. त्यांनी आक्काला बोलावून घेतलं. "बेन, आ कारखानुं छे, दवाखानुं नथी. काले कंई थई गयुं तो?" आक्का म्हणाली, "दवाखाना होऊ नये म्हणूनच दाराशी बसते ना, भाई. माझ्या कामात खोट असेल तर सांगा, आत्ता उठते." कामात खोट नव्हती. रमेशभाईंनी कान खाजवला, होळीपर्यंत बघू म्हणाले, आणि होळीनंतर तो विषय कुणी काढला नाही. गावाकडेही कळलंच. सासू पुढच्याच आठवड्यात सुरतेला आली. दोन दिवस सुनेशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मुलाला विचारलं, "खोटं बोलना ना तू माले?" भास्करभाऊ म्हणाले, "हाव, बोलनू." आणि जेवत राहिले. म्हातारी रागातच परत गेली, पण दुसरी बायको करायची गोष्ट त्या घरात पुन्हा निघाली नाही. आक्का हे सांगताना हसायची. मला मात्र त्या साध्या होकाराच्या "हाव"मागे खोटं सांभाळलेली केवढी वर्षं होती ते जाणवत राहायचं.

तेव्हापासून काशीबाई आक्काची राखणदार झाली. सकाळी दारात उभी राहून एकेकीला विचारायची, "घसा? नाक? ताप?" माठातून पाणी घ्यायला तिने लांब दांड्याचा डोया आणला, पेल्याला तोंड लावणं बंद केलं. पण आजारी बाईचं करायचं काय? इथे दोघींचं पटत नव्हतं. काशीबाई म्हणायची, घरी पाठवा. आक्का म्हणायची, "तिला घरी जा कशी म्हणू? माझं दुखणं टळावं म्हणून तिची चूल विझवू?" खरं तर खोलीतून कुणाला उठवायला तिला फार संकोच वाटायचा. कुणी खोकत आली तर तीच आपला गठ्ठा उचलून बाहेर पत्र्याच्या सावलीत जाऊन बसायची, उन्हाच्या झळा अंगावर घेत. तिने एक मार्ग सुचवला होता, आजारी बाईला साड्यांचा गठ्ठा घरी नेऊ द्यावा, तिने घरी कापून आणावा. रमेशभाईंनी उडवून लावलं. साडीवर डाग पडले तर, साडी हरवली तर...

मग त्या पावसाळ्यात खोलीत डोळे आले. एकीचे आले, तिने डोळे पुसलेल्या फडक्याने दुसरीने हात पुसले, आणि चार-पाच दिवसांत अर्ध्या बायका लाल डोळ्यांनी पाणी गाळत बसलेल्या. सुटा धागा कुठला आणि साडीचा कुठला, ते दिसेना. राखी जवळ आलेली, मालाची घाई, आणि कापलेल्या साड्यांना भोकं. एका सकाळी रमेशभाई स्वतःच काळा चष्मा लावून आले. कुणी हसलं नाही, म्हणजे बराच वेळ आम्ही हसू दाबलं. शेवटी काशीबाईने विचारलं, "भाई, उन लई हाय का आज?" आणि सगळी खोली फुटली. तेही हसले. दुपारी त्यांनी आक्काला विचारलं, "बेन, तमे शुं केता हता, घरे आपवानुं?" तेव्हापासून ज्या बाईला बरं नसेल तिला गठ्ठा घरी मिळू लागला. शकूआक्काचे डोळे आले नव्हते. तिच्याकडे आधीपासूनच तिचं वेगळं फडकं होतं, आणि आता त्यावरून कुणी बोलत नव्हतं.

प्लेगच्या साली, म्हणजे चौऱ्याण्णवला, काय झालं ते सुरतेत राहिलेल्या कुणाला सांगायला नको. अफवा इतक्या की खरं काय ते कळेना. आमची सगळी गल्ली गावाकडे पळाली. भुसावळकडे जाणाऱ्या गाड्यांत माणसं खिडकीतून आत शिरत होती. माझ्या नवऱ्यानेही बोचकं बांधलं. मी आक्काला बोलवायला गेले तर ती शांतपणे चहा करत होती. "तुम्ही जा," म्हणाली. "मी नाही येणार. त्या डब्यात एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून उभं राहायचं, आणि कशापासून पळायचं? मी तर दुखण्याच्या मांडीवरच जाऊन बसेन." भास्करभाऊ जाऊ या म्हणत होते. माझ्यादेखत त्यांचा आवाज चढला, तो मी एकदाच ऐकला: "आठे, ह्या परमुलखमा मरशी तं कोन शे आपलं?" ती म्हणाली, "तू शे ना." ती दोघं राहिली. समोरच्या घरात काशीबाईही राहिली, कारण तिच्या नवऱ्याच्या पायाला तेव्हा प्लॅस्टर होतं आणि नांदेड लांब. त्या रिकाम्या गल्लीत दोघी आपापल्या ओट्यावर बसून, मधे अख्खा रस्ता ठेवून, दिवसभर मोठमोठ्याने गप्पा मारायच्या. काशीबाई सांगते, इतकं निवांत बोलणं आमचं पुन्हा कधी झालं नाही.

आम्ही परतलो तेव्हा स्टेशनपासून घरापर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडाला रुमाल. कारखाना उघडला तशी प्रत्येक बाई आपापली पाण्याची बाटली घेऊन आली, आपापलं फडकं, आणि हातभर अंतर ठेवून बसली. आक्का दाराशी बसून सगळं पाहत होती. म्हणाली, "चला, आता सगळं गावच सोवळं झालं." आम्ही हसलो खरं, पण मी तिच्याकडे पाहिलं तर ती हसत नव्हती. थोड्या वेळाने हळू आवाजात म्हणाली, "तुमचं महिन्या-दोन महिन्यांत सुटेल गं. सुटूच दे. असं भीत भीत माणसाजवळ बसणं चांगलं नसतं..." तिच्या तोंडून मी ऐकलेली तक्रार म्हणाल तर ही एवढीच. बाकी वर्षानुवर्षं ती लग्नाकार्यात पंगतीच्या कडेला बसली, बारशाला बाळाला लांबूनच पाहिलं, माझ्या मुलीला गोवर निघाला तेव्हा रोज माझ्या खिडकीशी येऊन बाहेरूनच तिला गोष्टी सांगितल्या. माझी मुलगी अजून त्या गोष्टी अहिराणीतच सांगते. बाकी वेळी ती गुजरातीत बोलते.

पुढे आक्काचं ऑपरेशन झालं, झडप थोडी उघडली, आणि मधली काही वर्षं फार चांगली गेली. ती जिना न थांबता चढू लागली. मी बालवाडी सुरू केली ती तिच्याच आग्रहाने, "बारावी काय धागे कापाले शिकनी का तू?" म्हणून ती वर्षभर माझ्या मागे लागली होती. उद्घाटनाला आली, पण शेंबडी पोरं पाहून दारातच थांबली आणि तिथूनच टाळ्या वाजवल्या. गेल्या दिवाळीपासून मात्र पाय सुजू लागले, बोलता बोलता दम लागायचा. डॉक्टर म्हणाले, आता झडपेचं नाही, हृदयच दमलंय. तिला ते कळलं होतं. संक्रांतीला भेटले तेव्हा म्हणाली, "लई सांभाळं वं मी याले. आते तेले बी विसावा पाहिजे." जणू सासरच्या कुण्या म्हाताऱ्या माणसाबद्दल बोलत होती.

तेराव्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी मी भास्करभाऊंना भेटायला गेले. ते पाळीवरून नुकतेच आले होते. घराला कुलूप, आणि ते बाहेर नळाखाली हातपाय धूत होते. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, चूळ भरली, नाक साफ केलं, दोरीवरचा धुतलेला सदरा घेतला, कामावरचा काढून बादलीत टाकला आणि मग कुलपाला हात लावला. मी गल्लीच्या कडेला उभी राहून पाहत होते. आत कुणी नव्हतं. दार उघडून ते वळले, मला पाहिलं, आणि मी पायरी चढणार तोच उंबऱ्यात आडवे उभे राहून त्यांनी विचारलं,

"सर्दीबिर्दी नही ना वं तुले?"

मी नाही म्हटलं. त्यांनी मागे वळून रिकाम्या खोलीकडे पाहिलं. मग बाजूला झाले आणि म्हणाले, "ये... आत ये."